हवेतल्या पाण्याचा हिशेब

जुलै २०२३ मधली गोष्ट. सकाळी साडेसातला आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंचा फोन आला. "साहेब, जरा येऊन जाता का? मागच्या हॉलमध्ये वास येतोय." कसला वास, असं मी विचारलं. बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "पावसात भिजलेली चप्पल पिशवीत बांधून ठेवली की येतो ना, तसला."

छत्री घेऊन निघालो. गिरणगावातलं हे वाचनालय माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. बाईंनी भिंतीकडचं एक कपाट उघडलं आणि वास अंगावरच आला. 'मनोरंजन' आणि 'किर्लोस्कर'चे बांधीव खंड खालच्या दोन फळ्यांवर होते. कापडी पुठ्ठ्यांवर पांढुरकी, मध्येच हिरवट झाक असलेली लव आली होती. एक खंड उचलून उघडायला गेलो, तर चित्रांची पानं उघडेनात. जुना आर्टपेपर एकदा ओल प्यायला की पानाला पान असं चिकटतं, की सोडवताना चित्राचा थरच उपटून येतो. शेजारी देवघेवीची जुनी रजिस्टरं होती, साठच्या दशकातली. त्यांची अवस्था तर बघवत नव्हती.

या रजिस्टरांत माझ्या वडिलांची सही आहे. म्हणजे होती. वडील गिरणीत साचेखात्यात होते. रात्रपाळी नसली की ते इथे येऊन पुस्तक बदलून नेत. नाव, गिरणी, खातं आणि पुढे मोडीच्या वळणाची सही, अशा ओळीच्या ओळी त्या रजिस्टरांत होत्या. पिढ्यान्‌पिढ्या गिरणगाव काय वाचत होतं याचा तो लेखी पुरावा. आता त्या पानांवर तपकिरी-काळे डाग पसरले होते आणि शाई डागांत विरून गेली होती.

वाचनालयाचे एक जुने विश्वस्त माझ्या मागोमाग आले होते. त्यांनी कपाट पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साधा प्रश्न केला. "इंजिनियरसाहेब, सत्तर पावसाळे इथे एसी नव्हता, तेव्हा पुस्तकं टिकली. एसी लावला आणि दुसऱ्याच पावसात नासली. हे कसं?"

प्रश्न माझ्यासाठीच होता. एप्रिल २०२२ मध्ये त्या हॉलला वातानुकूलन बसलं, ते माझ्या हिशेबानुसार. पस्तीस वर्षं मी याच धंद्यात काढली. देणगी मिळाली, अभ्यासिकेतल्या मुलांना उन्हाळा सोसेना, म्हणून समितीने ठरवलं आणि मी फुकटात आकडेमोड करून दिली. मे महिना धरला, बाहेर पस्तीस अंश धरले, चाळीस मुलं, दिवे, गच्चीवरचं ऊन, सगळं धरलं. सहा-साडेसहा टन आले. "थोडं जास्तच ठेवा," असं सगळेच म्हणाले आणि मीही मान डोलावली. दोन-दोन टनांचे चार स्प्लिट एसी लागले. जुन्या लाकडी झडपा काढून अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीत काचा बसवल्या, फटी बुजवल्या. मे महिन्यात मुलं खूश होती. माझा सत्कारही झाला, नारळ आणि शाल देऊन. ती शाल अजून घरी आहे.

चूक कुठे झाली हे समजायला थोडा मागचा विषय काढावा लागेल.

लहानपणी मी वडिलांचा डबा घेऊन गिरणीत जात असे. साचेखात्याचं दार उघडलं की पहिल्यांदा कानठळ्या बसत आणि लगोलग चेहऱ्यावर ओली गरम वाफ येई. खिडक्या बंद. वरून पाण्याचे बारीक तुषार सोडलेले. कारण सुती धागा कोरड्या हवेत ठिसूळ होतो, खळ दिलेला ताणा तटातट तुटतो आणि साचा थांबतो. म्हणून विणाईच्या खात्यात हवा मुद्दाम ओली ठेवावी लागे, ऐंशी टक्क्यांच्या आसपास. मुंबईची मुळातली दमट हवा गिरण्यांना सोयीची होती, तरीही ती पुरत नसे. या कृत्रिम ओलाव्यासाठी १९४८ च्या कारखाना कायद्यात वेगळं कलमच होतं, पंधरावं.

त्या खात्याच्या भिंतीवर लाकडी पाटीला दोन तापमापक टांगलेले असत. एक साधा. दुसऱ्याच्या फुग्याला कापडाची वात गुंडाळलेली आणि वातीचं टोक पाण्याच्या वाटीत. ओला आणि सुका. वडिलांनी मला ते एकदा समजावून सांगितलं होतं. हवा कोरडी असली की वातीतलं पाणी भरभर उडतं, ओला काटा खाली उतरतो. हवेला तहानच नसली तर पाणी उडत नाही आणि दोन्ही काटे जवळजवळ येतात. दोघांत जितकं अंतर, तितकी हवा तहानलेली. पुढे डिप्लोमाला सायक्रोमेट्री नावाचा विषय आला, त्यात याहून फारसं वेगळं काही नव्हतं.

जानेवारी १९८२ मध्ये संप सुरू झाला आणि वडिलांचा साचा कायमचा थांबला. पुढे त्याच जमिनींवर काचेचे मनोरे उभे राहिले. त्यांच्या खिडक्या उघडत नाहीत. माझ्या नोकरीची शेवटची वीस वर्षं त्या मनोऱ्यांच्या गच्च्यांवर यंत्रं बसवण्यात गेली. वडिलांच्या काळी ज्या जागेवर हवेत पाणी घालण्यासाठी माणसं कामाला होती, तिथे आम्ही हवेतलं पाणी काढत होतो. वातानुकूलनाचा जन्मच मुळी ओलाव्यापायी झाला आहे. १९०२ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंगावर रंग नेमका बसत नसे. विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरने त्यावर जी योजना आखली, तिलाच आज आधुनिक वातानुकूलनाची सुरुवात मानतात. गारवा हा त्यातून मिळालेला वरचा फायदा. आपण नेमकं उलटं लक्षात ठेवलं.

आता हिशेबाकडे येतो. आकडे फार नाहीत, पण ते पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही.

मुंबईत मे महिन्याच्या दुपारी समजा तेहेतीस अंश तापमान आणि साठ-बासष्ट टक्के आर्द्रता आहे. जुलैच्या एखाद्या पावसाळी दुपारी सत्तावीस अंश आणि नव्वद टक्के. ऐकताना वाटतं, जुलैची हवा कितीतरी ओली. पण टक्केवारी फसवी आहे. गरम हवेत पाणी जास्त मावतं, म्हणून तिचे साठ टक्केही भरपूर होतात. दर किलो हवेमागे किती ग्रॅम पाणी, असा हिशेब केला तर दोन्ही वेळी उत्तर जवळपास एकच येतं, वीस ग्रॅम. माणसाला सुखाची आणि पुस्तकाला सोसेल अशी हवा म्हणजे चोवीस अंश आणि पंचावन्न टक्के, तिच्यात असतात फक्त दहा ग्रॅम. म्हणजे मे असो की जुलै, आत येणाऱ्या हवेच्या प्रत्येक किलोमागे दहा ग्रॅम पाणी कुणीतरी काढायला हवं.

मे महिन्यात ते निघतं, कारण एसी दिवसभर चालतो. त्याच्या आतल्या गार नळ्यांवर हवेतलं पाणी धरतं आणि पाइपातून बाहेर ठिबकतं. जुलैत बाहेर सत्तावीस अंश असताना तो हॉल गार करायला आठ टनांपैकी दोन टनही पुरे होते. एसी सुरू होई, सात-आठ मिनिटांत चोवीस अंश गाठे आणि कॉम्प्रेसर बंद पडे. एसीला फक्त तापमान कळतं. ओल किती उरली हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं. त्यातून पंखा चालूच राहतो, तो नळ्यांवर धरलेलं पाणी पुन्हा हवेत उडवतो. हवा गार होते पण ओलीच राहते. गार आणि चिकट. मग मुलं काय करतात? तापमान आणखी खाली आणतात. बावीस, एकवीस.

नव्या एसींचं सुरुवातीचं तापमान चोवीसवर ठेवण्याचा नियम जानेवारी २०२० पासून आहे. नियम चांगला. पण रिमोटवर आर्द्रतेचा आकडा नाही, त्यामुळे अंगाला चिकचिक वाटली की माणूस हाताशी असलेलं एकमेव बटण दाबतो.

आणि इथे विश्वस्तांच्या प्रश्नाचं उत्तर आहे. बाहेरच्या त्या वीस ग्रॅमवाल्या हवेचा दवबिंदू पंचवीस अंश. म्हणजे पंचवीसहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूला ती टेकली की पाणी सुटणार, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला सुटतं तसं. एसी नव्हता तेव्हा पुस्तकं हवेइतकीच उबदार असत. समोरासमोरच्या खिडक्यांतून वारा खेळे, बाई कपाटांत डांबराच्या गोळ्या ठेवत आणि दिवाळीनंतर पुस्तकांना हवा देत. बुरशी अगदीच येत नव्हती असं नाही, पण ती फडक्याने पुसून निघे. एसी आल्यावर कपाटं, भिंती, पुस्तकांचे गठ्ठे, सगळं बावीस अंशांना जाऊन बसलं. रात्री साडेआठला एसी बंद. मग दाराखालून, चौकटीच्या फटींतून बाहेरची हवा झिरपत आत येई आणि गार पुस्तकांवर ओल सोडे. पुस्तकाचा गठ्ठा उबदार व्हायला कितीतरी तास लागतात. आर्द्रता सत्तरच्या वर राहिली की बुरशीला फार दिवस लागत नाहीत. आम्ही रोज रात्री तिची सोय करून जात होतो.

एवढंच असतं तर अर्धं काम सोपं होतं. दुसरी बाजू मुलांची होती.

आपल्याकडे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं, की घरातला किंवा दुकानातला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही. तो आतलीच हवा फिरवतो. त्या सकाळी मी घरून कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र आणलं होतं. बाहेर साधारण सव्वाचारशे भाग. अभ्यासिकेत दुपारी तीन वाजता अठराशे. मुलं स्पर्धा परीक्षांची, दहा-दहा तास बसणारी. बाकावर डोकं टेकून पाच-सहा जण झोपले होते. कुणी म्हणेल, दुपारची झोप आहे. असेलही. पण अठराशेच्या हवेत कुणालाही जांभया येतात. कोविडनंतर तर बंद खोलीत एकमेकांचा श्वास घेण्याचा अर्थ सांगायला नको. मुलांना तो कळत होता, म्हणून ती मधूनमधून खिडकी सरकवत. खिडकी उघडली की पुस्तकं मरत, बंद केली की मुलं घुसमटत.

चाळीस मुलांना नीट श्वास घेता येईल इतकी ताजी हवा म्हणजे तासाला साधारण हजार घनमीटर. तिच्याबरोबर जास्तीचं पाणी येतं तासाला अकरा-बारा लिटर. दहा तास अभ्यासिका उघडी, म्हणजे सात-आठ हंडे पाणी. नुसत्या हवेतून! त्यात मुलांच्या श्वासातून आणि घामातून येणारं तासाला दोनेक लिटर वेगळं. हे सगळं पाणी एसीकडून काढून घ्यायचं तर केवळ ताज्या हवेपोटी दोन टनांहून अधिक ताकद खर्च होणार आणि विजेचं बिल वाचनालयाच्या वर्गणीला झेपणारं नाही.

या जागी ईआरव्ही नावाचं यंत्र येतं. नाव लांबलचक आहे, काम मात्र सोपं. आतली शिळी हवा बाहेर टाकायची आहे, ती गार आणि कोरडी, पैसे खर्चून तशी केलेली. बाहेरची ताजी हवा आत घ्यायची आहे, ती गरम आणि ओली. दोघींना शेजारशेजारच्या अरुंद बोळांतून जाऊ द्यायचं आणि मध्ये कागदासारखी पातळ भिंत ठेवायची. हवा मिसळत नाहीत. पण भिंतीतून उष्णता पलीकडे जाते आणि पाण्याची वाफही जाते, जिकडे जास्त आहे तिकडून जिकडे कमी आहे तिकडे. येणारी हवा आपली ओल जाणाऱ्या हवेच्या हाती देऊन आत येते. जपानमध्ये मित्सुबिशी इलेक्ट्रिकने १९७० साली असं यंत्र 'लॉसने' या नावाने बाजारात आणलं, त्यातली भिंत खास प्रक्रिया केलेल्या कागदाचीच. मोठ्या इमारतींत कागदाच्या भिंतीऐवजी चाक असतं. बुटांच्या खोक्यात जी सिलिका जेलची पुडी सापडते, तसल्या द्रव्याचा लेप दिलेलं, सावकाश फिरणारं. त्याचा अर्धा भाग येणाऱ्या हवेत, अर्धा जाणाऱ्या हवेत. इकडे ओल प्यायची, तिकडे सोडायची. लोअर परळच्या मनोऱ्यांवर अशी पुरुषभर उंचीची चाकं मी बसवली आहेत.

थंड देशांत हेच यंत्र उलट्या कामाला लावतात. तिथे हिवाळ्यात बाहेरची हवा कोरडी ठणठणीत असते, म्हणून घरातली ऊब आणि ओल घरातच राखायची. यंत्राला दिशा कळत नाही. जिथे जास्त तिथून कमीकडे, एवढंच त्याला ठाऊक.

हे वाक्य मी स्वतः शंभर वेळा उच्चारलं असेल आणि तरी पुढचा घोटाळा व्हायचा राहिला नाही.

एप्रिल २०२४ मध्ये, पुन्हा वर्गणी काढून, आम्ही कागदी गाभ्याचा ईआरव्ही बसवला. विकणाऱ्याचा प्रतिनिधी समितीसमोर म्हणाला होता, "एकदा हे लागलं की ह्युमिडिटीचं टेन्शन संपलं." मी तिथे बसलो होतो. तेव्हाच त्याला अडवायला हवं होतं. ईआरव्ही ओल काढत नाही. येणाऱ्या ओलीपैकी काही भाग दारातूनच परत पाठवतं, बस. आमच्या यंत्राने साठ टक्के परत पाठवले असं धरलं, तर दहापैकी सहा ग्रॅम बाहेर गेले, चार आत आलेच. तासाला अकरा-बारा लिटरचे साडेचार-पाच झाले. ही बचत मोठी आहे, पण उरलेले साडेचार लिटर आणि मुलांचे दोन कुणीतरी काढायचेच आहेत. आतली हवा दुसऱ्या कुणी कोरडी ठेवली, तरच ईआरव्हीला देवघेव करायला काही हाती राहतं. आत-बाहेर सारखीच ओल झाली की ते नुसता पंखा होतं.

जुलै २०२४ मध्ये तेच झालं. प्रतिनिधीने जाताना टायमर चोवीस तासांवर ठेवला होता, "हवा खेळती राहील" म्हणून. दिवसा आकडे बरे येत, साठ-बासष्ट. सकाळी बाई कुलूप उघडत तेव्हा ब्याऐंशी. आम्ही यंत्राला दोष देत होतो. मग एका रात्री मीच वॉचमनबरोबर थांबलो. साडेआठला एसी बंद झाले आणि ईआरव्ही इमानेइतबारे बाहेरची हवा आत ओढत राहिलं. तासाभरात आतला कोरडेपणा संपला. त्यानंतर रात्रभर ते गार पुस्तकांना ताजी, ओली हवा पुरवत होतं. रात्री हॉलमध्ये श्वास घेणारं कुणी नसतं. मग ताजी हवा कुणासाठी? दुसऱ्या दिवसापासून एसीबरोबर ईआरव्हीही बंद.

तरी आकडा अडुसष्टच्या खाली येईना. या वेळी बाईंनीच शोध लावला. त्या म्हणाल्या, "दाराशी उभं राहिलं की पायाला वारा लागतो, बाहेरून आत." मी उदबत्ती मागितली. देवाच्या तसबिरीपाशी होतीच. दाराच्या फटीशी धरली, तर धूर सरळ आत खेचला गेला. खिडकीच्या चौकटीशी धरली, तिथेही तेच. स्वच्छतागृहांत दोन मोठे पंखे दिवसभर हवा बाहेर फेकत होते. तितकी हवा कुठून तरी आत यायलाच हवी, ती फटींतून येत होती, ईआरव्हीला टाळून. पुढच्या दाराने हिशेब ठेवायचा आणि मागचं दार सताड उघडं, असला प्रकार. पस्तीस वर्षांच्या अनुभवी इंजिनियरने उदबत्तीची वाट पाहायला नको होती.

त्या पंख्यांना आम्ही दिव्याच्या बटणाशी जोडलं, म्हणजे माणूस आत असेल तेवढाच वेळ ते चालतात. दाराला आपोआप बंद होणारी कळ लावली, खाली रबरी पट्टी. स्वच्छतागृहाची हवा ईआरव्हीतूनच काढली असती तर तिचाही गारवा वाचला असता, असं एकाने सुचवलं. काही इमारतींत तसं करतात, पण कागदी गाभ्यातून वाफेबरोबर थोडा वासही पलीकडे जाऊ शकतो. वाचनालयात ती जोखीम घेण्यात अर्थ नव्हता.

शेवटचा बदल सगळ्यांत स्वस्त आणि मला सगळ्यांत जड गेला. चारांपैकी दोन एसी पावसाळ्यात बंद ठेवायचे. उरलेले दोन मग सारखे बंद-चालू होत नाहीत, दीर्घ काळ चालतात आणि पाणी काढतात. मी आग्रहाने बसवलेल्या आठ टनांपैकी चार टन जूनपासून सप्टेंबरपर्यंत नुसते भिंतीवर. त्यांच्या मदतीला दोन डीह्युमिडिफायर घेतले. हे रात्रीही चालतात, आर्द्रता साठच्या वर गेली की आपोआप सुरू होतात. यांच्या खोक्यावर 'दिवसाला पन्नास लिटर' असं छापलेलं असतं, त्याचाही एक किस्सा आहे. तो आकडा सहसा तीस अंश आणि ऐंशी टक्क्यांच्या हवेत मोजलेला असतो. आपल्याला हव्या असलेल्या चोवीस अंश आणि पंचावन्न टक्क्यांत त्याच्या निम्मंही पाणी निघत नाही. म्हणून एकाच्या जागी दोन. शिवाय हे यंत्र खोलीत थोडी उष्णता सोडतं. दिवसा ती एसी काढून टाकतो आणि त्या निमित्ताने जास्त वेळ चालतो. रात्री ती पुस्तकांना उबदार ठेवते. इथे मात्र तोटा आपल्या पथ्यावर पडला.

सगळं मिळून खर्च चार लाखांच्या आत झाला. पहिल्याच वेळी मी मे महिन्याबरोबर जुलैचाही हिशेब मांडला असता, तर लहान एसी लागले असते आणि बराच खर्च त्यातच सुटला असता.

हे वाचून कुणी घरी ईआरव्ही बसवायला निघू नये. ज्या घरात खिडक्या उघडतात आणि एसी रात्री झोपण्यापुरता लागतो, तिथे त्याची गरज सहसा नसते. पण पाचेकशे रुपयांचा आर्द्रतामापक जरूर आणावा आणि पावसाळ्यात एसीच्या खोलीत कपडे वाळत घालू नयेत. एका घरी मुलाचा दमा वाढला म्हणून मला बोलावलं होतं. खोलीत दीड टनाचा एसी, खिडकीला टेप मारलेली आणि पलंगामागे दोरीवर अख्ख्या घराचे कपडे! एक बादली कपड्यांत दोन-तीन लिटर पाणी सहज असतं, ते सगळं त्या भिंतीत आणि गादीत जात होतं. पलंग पुढे ओढला, तर मागे भिंतभर काळी नक्षी. प्रश्न येतो तो शाळा, दवाखाने, बँका, अभ्यासिका, नाट्यगृहं अशा ठिकाणी, जिथे माणसं पुष्कळ आणि खिडक्या कायमच्या बंद. गेल्या काही वर्षांत लहान गावांतल्या वाचनालयांनाही देणगीतून एसी लागताहेत. देणगीदाराच्या नावाची पाटी एसीखाली लागते. ताजी हवा कुठून येणार, हे पत्र्यावर कुठेच लिहिलेलं नसतं. कंत्राटदार किती टन एवढंच विचारतो. त्याला उलट विचारावं, जुलैत आर्द्रता किती राहील? तो गोंधळला तर दुसरा बघावा. मला कुणी हे २०२२ मध्ये विचारलं असतं, तर मीही गोंधळलो असतो.

खंडांपैकी बहुतेक वाचले. बुरशी लागलेले वेगळे काढले, तोंडाला मास्क लावून उघड्या गच्चीवर, पण सावलीत, मऊ कुंचल्याने एकेक पान झाडलं. उन्हात टाकायचा मोह होतो, पण जुना कागद त्याने आणखी ठिसूळ होतो. 'मनोरंजन'चे दोन खंड मात्र विटेसारखे एकसंध झाले आहेत, ते फेकवत नाहीत म्हणून कागदात गुंडाळून ठेवलेत. रजिस्टरांपैकी एक पूर्ण गेलं. वडिलांचं नाव असलेलं पान मी ओळखतो, कारण ते डाव्या बाजूला वरून चौथ्या ओळीत होतं. आता तिथे 'साचेखाते' या शब्दातलं 'खाते' तेवढं वाचता येतं.

२०२५ चा पावसाळा आम्ही आकडे लिहीत काढला. बाई रोज सकाळी आणि संध्याकाळी दुरेघी वहीत नोंद करत. सकाळी अठ्ठावन्न, संध्याकाळी चोपन्न. जुलैतल्या एका आठवड्यात वीज गेली तेव्हा एकदा एकाहत्तर, त्याखाली लाल रेघ. कार्बन डायऑक्साइड हजाराच्या आत. डीह्युमिडिफायरचं पाणी मोरीत न सोडता बाई दारातल्या कुंड्यांना घालतात.

डिजिटल मापकाच्या शेजारी मी एक ओला-सुका तापमापक टांगला आहे, भंगारवाल्याकडे मिळाला, लाकडी पाटीसकट. दोन काट्यांत सहा अंशांचं अंतर राहिलं की सगळं ठीक. मुलांना तो गमतीचा वाटतो. वाटीतलं पाणी मात्र रोज बघावं लागतं, वात सुकली की तो खोटं बोलतो. ते काम बाईंनी सातारकडून आलेल्या एका मुलाकडे सोपवलं आहे. त्याची सप्टेंबरमध्ये परीक्षा होती, त्या दिवशीही तो सकाळी पाणी घालून गेला.